अग्रचालकाचा राजीनामा

मिरजेच्या कंपवात प्रयोगशाळेत राजीनामा स्वीकारायची सोयच नव्हती; रुग्णांसाठी समाजमंदिरात फुकट सायकल मारणारा माणूस राजीनामा देईल, असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यामुळे सुरेखाताई मगदूम यांनी पुढे सरकवलेला कागद डॉ. निहार आरवाडे यांनी तीनदा वाचला आणि चहा मागवला.

"काकू, अग्रचालकपद सोडता? दोन वर्षांत तुमचा एक खाडा नाही."

"म्हणूनच सोडते."

सुरेखाताई निवृत्त विज्ञानशिक्षिका होत्या. पहाटे उठायचं, सहलयचक्रात, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या बारा सायकलींत पुढं बसून, बाकीच्या अकरा रुग्णांसाठी तासभर पेडल मारायचं, मग त्या अकरातल्या एकाला, म्हणजे नवऱ्याला, घरी आणून अंघोळ घालायची, बटणं लावायची. त्या इतक्या दमल्या होत्या, की खुर्चीत बसल्याबरोबर उठायचा विचार त्यांनी पुढं ढकलला होता.

"आता सहलयचक्राचं तत्त्व मी तुम्हाला सांगायचं म्हणजे..."

"सांगा की. बसल्याजागी ऐकायला मिळतंय."

"रुग्णाचे पाय त्याच्या स्वतःच्या वेगापेक्षा जोरात दुसऱ्यानं फिरवले, की त्याचा मेंदू जागा होतो आणि हाताची थरथर उतरते. आम्ही मोटर लावून पाहिली. पण मोटरची लय एकसारखी. तीन आठवड्यांत मेंदूला तिची सवय होते आणि मग तो लक्षच देत नाही."

"नवरे लग्नानंतर करतात तसं."

"हो... म्हणजे, मी अजून अविवाहित आहे. तर लय जिवंत माणसाची लागते, चुकतमाकत जाणारी. तुमच्या एक नंबरच्या सायकलची लय यंत्र दीडपट करून बाकीच्या अकरा पेडलांत सोडतं. जो ढकलला जातो, त्याला गुण येतो. जो ढकलतो, त्याला..."

"घाम."

"म्हणून अग्रचालक निरोगीच हवा. रुग्णाला तिथं बसवलं तर बाकीचे सुधारतील, किंबहुना जास्तच सुधारतील, कारण त्याची लय आणखी वेडीवाकडी. तो एकटा मात्र खचत जाईल."

"मग माझं एवढं गणित सोडवा," सुरेखाताई म्हणाल्या. "आठ महिन्यांत चक्रातले खाडेअण्णा सुईत दोरा ओवायला लागले. कुणी सांगत नाही तरी ओवून दाखवतात. पाटीलबाई कॅरममध्ये सोंगटी सरकवायला लागल्या. आणि ज्याच्यासाठी मी गुडघे झिजवते तो माणूस गेल्या सप्टेंबरात हातानं जेवत होता, आता मी भरवते. माझ्या लयीत त्याच्यापुरतीच खोट असेल, तर दुसरं कुणीतरी बसवा."

डॉक्टरांनी पडद्यावर चक्राची नोंद उघडली. मुद्दा खोडून काढायचा या हिशेबानं त्यांनी ती भराभर सरकवली, मग सावकाश, आणि मग कप खाली ठेवला.

"काकू, तुमच्या पेडलला बाहेरून जोर येतोय. आठ महिने. तुम्ही ढकलत नाही आहात. ढकलल्या जाताय. लय निघतेय चार नंबरवरून."

चार नंबरवर भरतराव मगदूम बसत.

"पण एक नंबरला गुण येऊन उपयोग काय," डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले, "तिथं तर निरोगी..." आणि त्यांनी एक नंबरच्या मुठीतल्या कंपमापकाची नोंद काढली. सप्टेंबरात उजव्या मुठीवर बारीक दातेरी रेघ होती, सेकंदाला पाच दाते. दिवाळीनंतर ते बोथट झाले. संक्रांतीपासून रेघ सरळ.

तीस वर्षं मुलांकडून आलेख वाचून घेतलेल्या बाईला तो समजावून सांगावा लागला नाही.

"जोडण्या कुणी बदलल्या असतील?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"आमचे हे वीजखात्यात वायरमन होते."

सुरेखाताईंनी राजीनामा उचलून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "डॉक्टर, हात पुढं करा. दोन्ही."

डॉक्टरांनी केले. हात एकदम स्थिर होते.

"उद्या साडेसहाला या. अग्रचालकाची जागा रिकामी आहे."

"सकाळी मी व्याख्यानाची तयारी करतो, काकू."

"याच विषयावरच्या ना? या."

बाहेर बाकावर भरतराव उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. त्या शेजारी टेकल्या.

"जोडण्या कधी फिरवल्यात?"

भरतरावांनी आधी समोरचं नेत्रदानाचं पोस्टर वाचून संपवलं. "गणपतीत. तुझ्या हातात आरतीचं ताट हलत होतं. तुला वाटलं, दमलेय."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला तसं करू दिलं असतंस?"

भांडायला हवं होतं. पण भांडायला अंगात जोर लागतो. तो दोघांतही नव्हता.

"उद्यापासून डॉक्टर पुढं, आपण दोघं मागं," त्या म्हणाल्या. "तेवढ्या जोडण्या करून ठेवा."

भरतरावांनी मांडीखालचा हात काढून समोर धरला. तो एकटाच कुणाला तरी टाटा करत राहिला. "आता नाही जमायचं. पेचकसच धरवत नाही."

"मग मी करते. माझा हात हलत नाही."

"ठाऊक आहे," भरतराव म्हणाले. "आठ महिने त्याच्यासाठीच पेडल मारतोय."