गाळणीत उरलेलं

कोळिकोडच्या त्या इस्पितळात शुक्रवारी दुपारी सहसा निवांत असे. सुमय्या सिस्टर फोनची वाट बघत बसली होती. लग्नाला चार महिने. नवरा नासर एकविसाव्या दिवशीच शारजाला परतलेला. तेव्हापासून छातीत दगड ठेवल्यासारखं व्हायचं. कुणी काढून नेईल तर बरं, असं तिला वाटे.

फोनऐवजी आली बीपाथू. अडुसष्टची म्हातारी, हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली. मनगटातून बारीक नळी आत सरकली. बीपाथू टक्क जागी होती.

"पोरी, तुझा नवराही तिकडे आखातातच का गं?"

"शारजाला."

"आमचे कोयाकुट्टी गलबतानं गेले. पंचेचाळीस वर्षं झाली."

"मग पत्रबित्र?"

"कशाला? ते इथंच असतात." तिनं हनुवटीनं छाती दाखवली. "जपून हं, डॉक्टर..."

"उम्मा, आई, बोलू नका," डॉ. वारियर म्हणाले, आणि पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला.

पिचकारीत आलेलं रक्त सुमय्यानं गाळणीवर ओतलं, वरून सलाइन सोडलं. लाल पाणी वाहून गेलं. उरली एक काळपट, जळवेएवढी गुठळी. वास आला... रक्ताचा नव्हे. डांबराचा, भिजल्या काथ्याचा.

"मासळी धुतेस का सिस्टर?" टेक्निशियन बिजू हसला, आणि हसता हसता नाक उचलून हुंगू लागला.

पडद्यावर वाहिनी भरून वाहू लागली. बीपाथूच्या कपाळावरच्या आठ्या सैल पडल्या.

"उम्मा, बऱ्या झालात! सांगा आता कोयाकुट्टींना," सुमय्या म्हणाली.

"कोण कोयाकुट्टी?" म्हातारी गोड हसली. "चहा मिळेल का गं?"

सुमय्यानं स्वतःच्या छातीवर हात दाबून धरला. पंचेचाळीस वर्षं, सलाइनच्या एका धारेत... आपला दगड राहू दे बाई, जन्मभर राहू दे! ती गाळणीकडे वळली. गाळणी रिकामी होती.

"मी हात नाही लावला," बिजू पुटपुटला.

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. नासर.

"अगं, गंमत ऐक. खोलीवर एक म्हातारा आलाय, आपल्याच गावाकडचा. नखशिखांत भिजलेला, आणि इथं पावसाचा टिपूस नाही! म्हणतो, तुझ्या बायकोनं मला धुऊन काढलं..."

"इक्का, अहो, त्याला..."

"विचारतोय, तिच्या छातीत जागा आहे का. वेडाच दिसतो."

"नाही म्हणा! इथं तुम्ही आहात, सांगा त्याला..."

"थांब हं... गेला वाटतं. खुर्ची तेवढी ओली आहे."

झग्याच्या आत, डाव्या बाजूला, काहीतरी गार टेकलं.

सुमय्यानं नासरचा चेहरा आठवायला डोळे घट्ट मिटले. दिसलं ते एक गलबत.