बाजारच्या दिवशीची लाइन

कुंदाने धाड गावच्या टेलिफोन एक्स्चेंजचं दार उघडलं, तर समोर एक उंच माणूस. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांना औषधाचा वास.

"फोन मेला," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ही त्यांची पहिली भेट!

सन अठ्ठ्याऐंशी. गावात नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं होतं. सगळी जोडाजोड तिथल्या लोखंडी कपाटातला प्रोसेसर, म्हणजे छोटा संगणक, करायचा. पण बाजारच्या दिवशी फोनांची गर्दी झाली, की तो मध्येच थिजायचा आणि अख्खं गाव मुकं व्हायचं. कुंदा वानखडे मूळची शेगावची, एक्स्चेंज बनवणाऱ्या कंपनीतली इंजिनिअर. तिला बिघाड शोधायला पाठवलं होतं. पुढच्या बाजारालाही तेच झालं, तर कपाट कारखान्यात परत जाणार होतं.

तो माणूस जनावरांचा डॉक्टर, शेषराव इंगळे. फोन गेला, की दवाखान्यातून चालत यायचा. ती वैतागायची. मग एकदा त्याने सांगितलं, की अडलेल्या म्हशीसाठी तो बुलढाण्याच्या मोठ्या डॉक्टरांना बोलवत असतानाच लाइन तुटली. म्हैस वाचली, रेडकू गेलं. त्यानंतर तिने दार लावलं नाही.

बिघाड पुन्हा घडवून पाहायचा होता. तिने त्याला दवाखान्यातून फोनवर बोलत राहायला सांगितलं. इकडे ती दुसऱ्या फोनांवर नंबर फिरवायची, मध्येच ठेवायची. तो आईच्या हट्टांबद्दल बोलायचा, एका तापट बैलाबद्दल बोलायचा... आणि मग आवाज हळू करून म्हणायचा, "मले एक सांगायचं होतं, तुम्ही —"

लाइन बंद.

मग तो चालत यायचा आणि तिच्यासमोर नुसता उभा राहायचा. असं तीनदा झालं. प्रोसेसरचा राग यावा की डॉक्टरचा, तिला कळेना.

अखेर सापडलं. फिरवलेला नंबर प्रोसेसर लिहून घेत असतानाच दुसऱ्या कुणी फोन ठेवला, की ती लाइन सोडवणं तातडीचं म्हणून तो हातातलं अर्धं टाकून तिकडे धावायचा, आणि त्याच जागेवर दुसरंच लिहायचा. परत येईपर्यंत पहिलं पुसलेलं! तो भरकटायचा. नंबर लिहून होईपर्यंत कुणी मध्ये पडायचं नाही, एवढाच नियम तिने प्रोग्राममध्ये घातला आणि नवी चिप बसवली.

बाजार भरला. फोन खणखणत राहिले. कपाट शांतपणे काम करत होतं. तिने दवाखान्यात फोन लावला.

"डॉक्टर, आता तुटत नाही. बोला."

तिकडे काहीच नाही. तिने कपाटावरच्या दिव्यांकडे पाहिलं. सगळे ठीक. म्हणजे गप्प राहिला होता तो माणूसच.

तिची शहरी भाषा गळून पडली. "काऊन गप्प बसले आता? मी उद्या शेगावले चालली. तिथं आई विचारीन, धाडले काय केलं इतके दिवस. काय सांगू तिले?"

"सांगा," तो म्हणाला, "येत्या रविवारी मी शेगावले येऊन राह्यलो."

"कशाले? आमच्याकडं ढोरं नाहीत."

"तुम्हाले मागणी घालाले."

तिने तोंडावर हात धरला. मग अगदी हळू म्हणाली, "हाव... पण चालत येऊ नका. गाडीनं या."

फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.