खालची करडी ओळ

हे खरं आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय आणि मावशी आजही ठणठणीत आहे.

भुताच्या गोष्टी रात्रीच असतात असं वाटतं ना? ही नाही. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. लख्ख उजेड, डोक्यावर पंखा गरगरतोय, बाहेर रक्त द्यायला आलेल्यांची रांग.

मावशी रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. तिचं काम एकच. मशीनमधून आकड्यांची चिठ्ठी निघायची. पुढच्या टेबलावरची मुलगी तो आकडा कॉम्प्युटरवर टाकायची. मावशी चिठ्ठी आणि स्क्रीन ताडून बघायची आणि 'तपासलं'चं बटण दाबायची. ते दाबलं की रिपोर्ट थेट पेशंटच्या हातात. मध्ये दुसरं कुणी नाही.

घरात आमच्या हातून काही चुकलं की तिचं ठरलेलं वाक्य असायचं, "अगं बये, डोळे आहेत की बटणं?"

आणि हिचेच डोळे कामातून गेले होते!

लॅबमध्ये नवा प्रोग्राम आला होता. पांढऱ्या स्क्रीनवर फिकट करडी अक्षरं, तीही मुंगीएवढी. सहा आणि आठ तिला सारखेच दिसायचे. तीन महिने तिने अंदाजपंचे काम रेटलं. सांगितलं तर साहेब घरी बसवतील, ही धास्ती. म्हणून कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

त्या मंगळवारी प्रिंटर दुरुस्त करायला कॉम्प्युटरवाला आला. मावशीने त्याला हळूच गाठलं.

"बाबा रे, ही अक्षरं जरा ठळक होतात का? पण साहेबांना नको सांगूस."

"एवढंच ना?" त्याने दोन मिनिटांत सेटिंग बदललं. काळी स्क्रीन, पिवळीधमक अक्षरं, चांगली बोटभर. "घ्या मावशी. आता रस्त्यावरून वाचा."

मावशीचा जीव भांड्यात पडला. बघावं तरी म्हणून तिने गेल्या आठवड्यातला एक रिपोर्ट उघडला. तिनेच पास केलेला.

सगळं पिवळं. सगळं स्पष्ट. पण अगदी खाली...

एक ओळ करडीच होती.

'बाळा, हे परत बघ.'

मावशीने पुढच्या टेबलावरच्या मुलीला तोच रिपोर्ट तिच्या कॉम्प्युटरवर उघडायला लावला. तिथे ओळ नाही. कागदावर काढला. कागदावरही नाही. मुलगी मावशीच्या खुर्चीमागे येऊन वाकली.

"कुठे मावशी? काहीच नाहीये इथे."

मावशीला मात्र दिसत होती.

तिने चिठ्ठ्यांचा खोका खाली घेतला. त्यातून ती चिठ्ठी शोधली. चिठ्ठीवर हिमोग्लोबिन साडेसहा. स्क्रीनवर साडेआठ.

आणि बटण तिनेच दाबलं होतं.

लगेच पेशंटच्या घरी फोन लावला. ती बाई सकाळीच चक्कर येऊन पडली होती. घरचे म्हणत होते, रिपोर्टमध्ये थोडंच कमी आहे, उन्हाने झालं असेल. त्याच दुपारी तिला दाखल केलं, रक्त चढवलं. वाचली बिचारी.

पण हे 'बाळा' म्हणणारं कोण?

मावशीने शिपाईकाकांना विचारलं. त्यांचा चेहराच उतरला.

"तुमच्या आधी त्या खुर्चीत मोठ्या बाई होत्या. साहेबांनासुद्धा बाळा म्हणायच्या. शेवटी शेवटी नाक स्क्रीनला टेकवून वाचायच्या, पण दिसत नाही असं कबूल करतील तर शपथ! एक रिपोर्ट सुटला त्यांच्या हातून. पेशंट गेला. बाईंनी हाय खाल्ली. चार महिन्यांत त्याही गेल्या."

पुढचे चार दिवस मावशीने मान वर केली नाही. तीन महिन्यांचे सगळे रिपोर्ट उघडले. आणखी नऊ ठिकाणी ती ओळ होती. नऊही ठिकाणी चूक होती. कुणाला काही इजा झाली नव्हती. नऊही वेळेत दुरुस्त झाले.

शनिवारी दहावी ओळ दिसली...

फोन पेशंटच्या मुलाने उचलला.

"आई परवा गेली हो," तो म्हणाला. "रिपोर्ट तर चांगला आला होता."

मावशी उठली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेली. सगळं सांगून टाकलं. तिथून ती त्या मुलाच्या घरी गेली, त्यालाही सांगितलं. त्याने दार लावून घेतलं. मावशीने नोकरी सोडली, डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आता तिला सुईत दोरा ओवता येतो. पण त्या दारापाशी ती अजून उभी आहे, असं मला कित्येकदा वाटतं.

याला दोन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. दोघी वाटाणे सोलत बसलो होतो. फोन वाजला. लॅबमधल्या त्या खुर्चीवरची नवी मुलगी. मावशीने स्पीकर लावला.

"मावशी, तुमचं ते पिवळं सेटिंग मी तसंच ठेवलंय, डोळ्यांना बरं वाटतं. पण आज एका रिपोर्टखाली... करडी ओळ आलीये. तुम्ही टाकली होती का?"

मावशीचा हात थांबला. "बाळा म्हणून लिहिलंय का गं?"

"नाही..." मुलगी अडखळली. "लिहिलंय, अगं बये, डोळे आहेत की बटणं?"

मावशी तर माझ्यासमोर बसली होती. जिवंत. मांडीवर वाटाण्याची सालं.

"चिठ्ठी काढ," मावशी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढ आणि परत बघ."

मी घड्याळ बघितलं. सव्वातीन वाजले होते.

तेव्हापासून मावशी रोज सव्वातीनला गप्प होते. नजर भिंतीवर, डोळे बारीक केलेले. आणि बोटं मांडीवर हलत असतात...

टाइप केल्यासारखी.

काल मी धीर करून विचारलं, "मावशी, काय करतेस?"

तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"थांब बाळा," ती म्हणाली. "अजून एक राहिलाय."

मावशीने मला आजवर कधीच बाळा म्हटलेलं नाही.