भरलेली बाटली

बीडला नगर रोडवरच्या त्या प्रयोगशाळेत स्वप्नालीचं सकाळचं पहिलं काम म्हणजे जेवण घालायचं. काचेच्या बंद कपाटात, अंगाएवढ्या उबेत, नखाएवढा एक तुकडा होता. माणसाच्या पेशींपासून वाढवलेलं फुप्फुस. छोटा पंप त्याला मिनिटाला सोळा वेळा ताणायचा. तोच त्याचा श्वास. खालून बाटलीतलं पोषक पाणी, वरून औषधाचा थेंब.

पेशी हरिबाच्या. लिंबागणेशकडचा मेंढपाळ, कीर्तनात मागं उभा राहणारा जुना टाळकरी. क्षयानं गेला त्याला वर्ष झालं. ऑपरेशनात काढलेला फुप्फुसाचा भाग त्यानं आपल्या हातानं अंगठा करून इथं दिला होता. आता तेच चिवट जंतू त्याच्या एकुलत्या लेकीला, मोहिनीला जडले होते. जुनी औषधं हरली होती. तेच जंतू सोडलेल्या या तुकड्यावर नवं औषध नऊ दिवस चालवायचं. जंतू मेले आणि तुकडा जगला, तर डॉक्टर ते मोहिनीला देणार. असे चार तुकडे होते. तीन आधीच मेले.

मोहिनीची आई भामाबाई रोज दुपारी दवाखान्यात लेकीला भाकर देऊन इकडं यायच्या. दाराबाहेरच्या बाकावर टेकायच्या आणि एकच विचारायच्या, "जेवत्यात का?"

मावशी, ते हरिबा नव्हेत, नुसत्या पेशी आहेत, असं स्वप्नालीनं समजावून पाहिलं होतं.

"त्ये कळतंय मला. येडी न्हाई मी. पन जेवत्यात का न्हाई?"

स्वप्नाली हो म्हणायची. ते खोटं होतं. पहिल्या दिवशी लावलेली बाटली अजून गळ्यापर्यंत भरलेली होती. तिनं नळ्या तपासल्या, मग बदलल्याच. सगळ्या मोकळ्या. पाणी मात्र तसूभर उतरत नव्हतं. उपाशी तुकडा दोन दिवसांत वाळतो. हा सातव्या दिवशीही गुलाबी होता. भिंगाखाली तर त्यानं अंग धरल्यासारखं दिसत होतं.

नवव्या दिवशी शेजारच्या मारुतीच्या देवळात सप्त्याचा काला होता. कर्ण्यावरून कीर्तन ऐकू येत होतं आणि आपल्याला तिथं बसता आलं नाही, याची रुखरुख स्वप्नालीला लागून राहिली होती. साडेअकराला वीज गेली. बॅटरीनंही दगा दिला. पंप थांबला.

ती भिंगावर वाकली. आता हाही जाणार.

कर्णा मुका झाला होता, पण मंडळी थांबली नव्हती. भिंतीपलीकडून उघडे आवाज येत होते. कीर्तनकार चरण सोडतो आणि टाळकरी ते उचलतात, त्याच्या मध्ये एक श्वास असतो. उभा जन्म ज्यानं टाळ धरला, त्याला तो शिकवावा लागत नाही.

तुकडा फुलला.

टाळकरी ध्रुपद गाऊ लागले. तसा तो सावकाश बसत गेला.

पंप खरंच बंद आहे ना, म्हणून स्वप्नालीनं त्याची वायर ओढून हातात घेतली.

पुन्हा चरण. पुन्हा तो फुलला.

तिनं हात जोडले.

वीज आल्यावर तिनं तपासणी केली. एकही जंतू जिवंत नव्हता. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, मोहिनीला उद्यापासून हेच औषध.

भामाबाई आल्या, निकाल ऐकला, पदर डोळ्यांना लावला. मग हलक्या होऊन लेकीचं गाऱ्हाणं सांगू लागल्या. दवाखान्यात गेल्यापासून नऊ रोज झाले, पोरगी निम्मीच भाकर खाते. निम्मी आबांची, बापाची म्हणून ताटलीत झाकून खाटेखाली सारते. उचलायला जावं तर ताटली रिकामी.

"मांजर असेल, मावशी."

"मी बी त्येच म्हनले." भामाबाईंनी पिशवीत हात घातला. "पन ह्ये जेवल्यावर ताटात पानी वतायचे, हालवून पिऊन टाकायचे. कन वाया जाऊ देत नव्हते."

त्यांनी ताटली पुढं केली. ती अजून ओली होती.