उत्तर न आल्यास

कॉफीच्या मशीनपाशी तो उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून उभा होता, जणू गळका माठच हाती आलाय.

"मास्तरीणबाई तुम्हीच ना?"

ऑफिसात सगळे तिच्या माघारी तिला याच नावानं ओळखत. तोंडावर म्हणणारा हा पहिलाच.

"तुमच्या त्या तपासणीनं माझं सगळं काम अडवलंय."

अडवलंच होतं. फाइलवर डिजिटल सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र मध्येच रद्द तर झालं नाही ना, हे तिचा प्रोग्राम ते देणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरला विचारायचा. उत्तर नाही आलं, तर पुन्हा एकदा विचारायचा. तरीही शांतता, की दार बंद!

"अहो, मौन म्हणजे संमती म्हणतात."

"लग्नाच्या बोलणीत म्हणत असतील. माझ्याकडे मौन म्हणजे नकार."

"बाप रे... मग तुम्हाला काही विचारायचं म्हणजे पंचाईतच!"

तो हसला, आणि तिलाही हसू आवरलं नाही.

मग त्याचं रोजच काहीतरी अडायला लागलं. कधी खरंच, कधी मुद्दाम. सहीवरची वेळ बाहेरच्या सेवेकडून कशाला घ्यायची, म्हणून त्यानं एकदा हुज्जत घातली.

"माझं घड्याळ काय खोटं बोलतं?"

"आपलं घड्याळ कुणीही मागे करू शकतं. तिसऱ्यानं वेळेचा शिक्का मारला, की सही तेव्हा झाली हे सगळे मानतात. पुढे प्रमाणपत्र रद्द झालं, तरी आधीची सही खरीच राहते."

तो ऐकत होता की नुसता तिच्याकडे बघत होता, कोण जाणे! अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

एका संध्याकाळी पाऊस ओसरायची वाट बघत दोघं ऑफिसच्या पायऱ्यांवर उभे होते.

"दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय," तो म्हणाला. "जाऊ... की तुझ्यासाठी थांबू?"

शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिथंच अडला. एरवी साऱ्या ऑफिसला धारेवर धरणारी ही बाई, आणि आता तोंडाला कुलूप! ती लाजून पावसाकडे बघत राहिली. आणि तशीच भिजत घरी जाऊन वहिनीच्या गळ्यात पडली.

"वहिनी, तो थांबणार माझ्यासाठी!"

"तू हो म्हणालीस ना पण?"

"म्हणायला कशाला हवं? कळलं असेल त्याला."

सोमवारी त्यानं राजीनामा दिला. त्याचंच मन फिरलं असं तिला वाटलं, आणि विचारायला तिचा मानीपणा आड आला. तो गेला.

दोन वर्षांनी तो पुन्हा त्याच मशीनपाशी भेटला. हातात स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका होत्या.

"त्या दिवशी तू काहीच बोलली नाहीस," तो म्हणाला. "मी तुझाच नियम पाळला."

"अरे, माझा प्रोग्रामसुद्धा पुन्हा एकदा विचारतो रे!"

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... हो होतं?"

"माझ्या वहिनीला विचार. त्याच संध्याकाळी सांगितलं होतं तिला."

"तिसऱ्याचा शिक्का," तो पुटपुटला. हसायला गेला, पण जमलं नाही.

एक 'हो' म्हणायला काय जात होतं तिचं? तिला स्वतःचाच राग आला, आणि रडूही. पण आता हळहळून काय उपयोग! पत्रिकेवर दुसरीचं नाव छापून झालं होतं.

"लग्नाला येशील ना?" त्यानं विचारलं.

ती गप्प. तो निघाला, दारापर्यंत गेला, आणि थबकून मागे वळला.

"येशील ना?"

या वेळी त्यानं पुन्हा विचारलं होतं.

"हो," ती म्हणाली. लगेच.