शिडाची सुरगाठ

नागोजीनं मला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मी त्याच्या शिडाखाली होते, आणि भयंकर चिडले होते.

एकोणीसशे एकतीस साल. बोरगावला दूधगंगा ओलांडायला त्याची लहानशी शिडाची नाव होती. मी पलीकडच्या बाळंतिणीच्या बाळासाठी शिवलेल्या कुंच्यांची गठडी घेऊन बसले होते. मध्यावर वारा वाढला. शीड उतरवायला त्यानं दोर सोडला, तर तो डोलकाठीच्या भोकात अडकून बसला. नाव कलंडायला लागली, तसा त्यानं कोयत्यानं दोर कापला... आणि अख्खं शीड माझ्या डोक्यावर.

"लागलं का बाई?" त्यानं शीड उचललं. भिजलेल्या मिशा, घाबरलेले डोळे.

"न्हाय. पन हे शीड हाय का पोतं?"

"माज्या आज्ज्यानं शिवलंय."

"मग वडायला बी आज्ज्यालाच बोलवा."

तो हसला. मला हसायचं नव्हतं, पण हसले.

काठावरून हे सगळं पाहणाऱ्या गावच्या पाटलांनी त्याला बजावलं. बाजारादिवशी ते स्वतः नावेत बसणार, आणि शीड पुन्हा अडकलं तर नाव कायमची काठाला. नागोजीचा चेहरा पडला. त्या नावेखेरीज त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शीड आमच्या ओसरीवर आलं. "फाटलंय तेवढं शीव, मनू," माझे वडील, आप्पा, म्हणाले. मी शिवता शिवता विचारही करते, हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दोर अडकू नये म्हणून डोलकाठीच्या टोकाला मी विहिरीवरची जुनी कप्पी बसवायला लावली. शिडाच्या कडेला वेताच्या कड्या शिवल्या, त्या डोलकाठीवरून सरसर वरखाली जायच्या. आणि शिडाच्या मधोमध दोन्ही अंगांनी बंद लावले, कुंचीला लावते तसेच. वारा वाढला की शीड निम्म्यावर आणायचं, खालचा भाग गुंडाळून बंद बांधायचे. झालं शीड लहान.

"आता बांधून दावा," शीड न्यायला आलेल्या नागोजीला मी म्हटलं.

त्यानं बांधले. सोडायला गेला, तर एकही सुटेना. सगळ्या निरगाठी.

"बैल बांधताय व्हय? सुरगाठ मारा. एक टोक वडलं की सुटली पायजे."

"माज्या हाताला न्हाय जमत... धरून दावा की."

मी हात धरून दाखवलं. तीनदा. तिसऱ्यांदा गरज नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बाजारादिवशी मीही नावेत होते. नागोजीनं एका हातानं शीड चढवलं. मध्यावर वारा भरला आणि पाटलांनी नावेची कड घट्ट धरली. कड्या सरसरत खाली आल्या, बंद पटापट बांधले गेले आणि नाव सरळ चालू लागली.

"डोकं लावलंस रं नागोजी," पाटील म्हणाले. "चालू दे तुजी नाव."

त्याला गप्प राहता आलं असतं. चारचौघांत परक्या पोरीचं नाव कोण घेतं?

"डोकं माजं न्हाय, पाटील," तो मोठ्यानं म्हणाला. "ह्या मनुबाईचं."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही. त्याच घडीला मला तो आवडला, आणि ते मी लपवलंही नाही.

नाव काठाला लागली, पाटील उतरून गेले. मी गठडी उचलली.

"मनुबाई," तो शिडाचे बंद सोडत म्हणाला, "उद्या तुमच्या आप्पांकडं येनार हाय. आपल्या दोगांचं इचारायला. तुमी न्हाय म्हनलासा तर... न्हाय येत."

"या की."

"लग्नात उपरण्याची गाठ मारत्यात न्हवं? ती बी सुरगाठच?"

"ती न्हाय," मी म्हटलं. "ती निरगाठ."

आणि निरगाठ त्याला शिकवावी लागणार नव्हती.