मावशींच्या पाण्यावरचे खांब

"खांब माझ्यामुळे कच्चे राहिले म्हणतात. आता सांगा ताई, मी काय करू?"

दारात उभ्या असलेल्या मावशींच्या साडीचा काठ ओला होता आणि सिमेंटने पांढरा पडला होता. ताईंनी त्यांना खुर्ची दिली, मास्तरांनी पाणी. ताई खाजगी तपासाची कामं घेत. मास्तर निवृत्त ड्रॉइंग मास्तर. ते हौसेने ताईंबरोबर हिंडत आणि दर प्रकरणात पहिल्या दहा मिनिटांत गुन्हेगार ओळखत. अर्थात चुकीचा!

बंद कारखान्यामागच्या पडक्या वस्तीने स्वतःची संस्था काढून स्वस्त घरांची इमारत बांधायला घेतली होती. घरटी एका माणसाने कामावर राबायचं असा नियम. मावशींकडे ओतलेल्या खांबांना पाणी मारायचं काम होतं.

"खांब ओतताना त्याच मालाचे वीतभर ठोकळे भरतात, क्यूब म्हणतात त्यांना," मावशी म्हणाल्या. "ते टाकीत बुडवून ठेवायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडून ताकद बघायची. पंचवीस हवी होती. काल फोडले, तर सतरालाच फुटले. आज पाच वाजता सभा आहे. खांब पाडणार, आणि माझं नाव घराच्या यादीतून काढणार. अठरा वर्षं पत्र्याखाली काढली हो!"

ताई चपला घालू लागल्या.

जागेवर पोचताच मास्तर बघतच राहिले. दोन्ही बाजूंना कुलपं गंजलेली दुकानं, आणि मध्ये चोवीस खांब ताठ उभे. खाली जमिनीवर लोकांनी खडूने आपापली घरं आखली होती. 'इथे आईची खाट.' 'इथे पाळणा.' एक चौकोन मात्र कुणीतरी पुसून टाकला होता. तो कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती.

"नियम म्हणजे नियम," संस्थेचे अध्यक्ष अण्णा म्हणाले. "पाणी कमी पडलं, असं खुद्द इंजिनीअर साहेब सांगतात."

"मावशींचं नाव गेलं तर घर कुणाला?"

"यादीत पुढे... माझी मेहुणी आहे. पण त्याचा इथे काय संबंध?"

"ताई, हाच तो!" मास्तर कुजबुजले. ताईंनी नुसतं हूं केलं.

गोदामवाला आधीच घुश्शात होता. "माझ्या सिमेंटला नावं ठेवू नका! ताजं आहे. खडी तेवढी बदलली. काळ्या दगडाची खाण बंद पडली, दोन आठवडे झाले. आता ही तांबूस येते."

कोपऱ्यातल्या पोत्यात प्रयोगशाळेतून परत आलेले फुटके क्यूब होते. ताईंनी एक तुकडा मास्तरांच्या हातात ठेवला. "खिशात ठेवा. रंगांची नजर तुमची."

इंजिनीअर तरुण होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"पाच तारखेला खांब ओतले, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. क्यूब मी स्वतः उभं राहून भरले."

"झोप होत नाही वाटतं?" ताईंनी मायेने विचारलं.

तो पहिल्यांदाच हसला. "घरात बाळ आहे ना! पहिलीच मुलगी. काल चार आठवड्यांची झाली. ती झाली त्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर बसून होतो, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत."

"बिचारा!" बाहेर पडताना मास्तर म्हणाले. त्यांच्या लेखी अण्णांचा निकाल लागलाच होता.

पाच वाजता सगळी वस्ती खांबांमध्ये जमली. मावशी कडेला मान खाली घालून उभ्या होत्या.

"एक साधी गोष्ट," ताई म्हणाल्या. "क्यूब टाकीत बुडालेले असतात. मावशींनी खांबांना थेंबभर पाणी घातलं नसतं, तरी क्यूबना काय फरक पडणार होता?"

अण्णांनी वळून क्यूबच्या टाकीकडे पाहिलं.

"मास्तर, तुकडा काढा. आतल्या खडीचा रंग?"

"तांबूस."

"आणि या खांबाचा कोपरा फुटलाय, तिथे?"

मास्तर वाकले. "काळी. अगदी काळीकुट्ट!"

"खांब चार आठवड्यांपूर्वीचे. तांबूस खडी आली दोन आठवड्यांपूर्वी. म्हणजे हे क्यूब या खांबांचे नाहीतच. मागाहून भरले आणि त्यांच्यावर जुनी तारीख घातली. काँक्रीट पहिल्या आठवड्यात साधारण दोनतृतीयांश ताकद धरतं. पंचवीसचे सतरा! माल चांगला होता, पण कोवळा होता." ताई वळल्या. "साहेब, काल अठ्ठावीस दिवस झाले, खांबांना आणि तुमच्या मुलीलाही. मग त्या दिवशी तुम्ही इथे होतात, की दवाखान्यातल्या बाकावर?"

इंजिनीअर पुढे आला.

"न सांगता गेलो होतो. परत आलो तर खांब ओतून झालेले, क्यूब राहिलेले. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. मागच्या आठवड्यात भरले. वाटलं, कसेबसे पास होतील. निकाल आला आणि... मावशींचं नाव तोंडातून निघून गेलं."

"म्हणजे खांब पक्के आहेत?" अण्णांनी घाबरत विचारलं.

"ते खांबांनाच विचारू. उद्या प्रयोगशाळा नमुना काढून खात्री करेल. पण साहेब, तुमचं ताकद मोजायचं हातोडीयंत्र आणा."

इंजिनीअरने यंत्र खांबावर दाबलं. खट्! त्याने आकडा पाहिला. पुन्हा दाबलं. दुसऱ्या खांबावर, मग तिसऱ्यावर. त्याचा चेहराच बदलला.

"पस्तीसच्या खाली एकही नाही," तो हळूच म्हणाला. "मावशी, मी सात दिवस पाणी मारा म्हणालो होतो. तुम्ही किती दिवस मारलंत?"

"एकवीस," मावशी ओशाळून म्हणाल्या. "पोती गुंडाळून, दर दोन तासांनी. वर चार मजले माणसं झोपणार, लेकरं खेळणार. मला सातावर थांबवेना. चुकलं का?"

माना वर करकरून सगळे खांबांकडे बघत होते, आजच पहिल्यांदा दिसल्यासारखे. एका म्हातारीने पुढे होऊन खांबाला हात लावला, मग दुसऱ्या कुणीतरी.

अण्णा मावशींसमोर आले. "चौकोन मी पुसला. माफ करा मला," असं म्हणून त्यांनी खडू पुढे केला.

मावशी गुडघ्यांवर बसल्या आणि दार आखू लागल्या. मास्तरांनी तीस वर्षं पोरांच्या वाकड्या रेघा सरळ केल्या होत्या. मावशींची रेघ चांगलीच वाकडी आली. मास्तर डोळे पुसत बघत राहिले, आणि एका शब्दानेही बोलले नाहीत.